एएची मीटिंग शोधायची कशी, आणि पहिल्या दिवशी आत पाऊल टाकायचं कसं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मिस्टर ४४ वर्षांचे, नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात शिफ्ट ड्युटी. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून नुकतेच घरी आलेत. निघताना केंद्रातल्यांनी "एएच्या मीटिंगा चुकवू नका" एवढंच सांगितलं. (एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेली संघटना.) त्या कुठं भरतात, कधी भरतात, तिथं काय होतं, याचा पत्ता नाही. मिस्टर म्हणतात, "मी सोडलीय ना आता, मग त्या बेवड्यांत जाऊन कशाला बसू?" सासऱ्यांचं म्हणणं, माळ घालून टाका, प्रश्नच मिटेल. आणि तुम्हाला धास्ती अशी, की तिथं कारखान्यातलं कुणी भेटलं तर? शेवटी तुम्ही विचारलंय, "मी त्यांच्यासोबत जाऊ का?"

मी बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. मी स्वतः एएचा सदस्य नाही, त्यामुळे हे बाहेरून, पण जवळून पाहिलेलं सांगतोय.

सुरुवात शोधण्यापासून करू. एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. एए इंडियाच्या वेबसाइटवर गावोगावच्या ग्रुपची माहिती आणि हेल्पलाइनचा नंबर मिळतो. नाशिकसारख्या शहरात एकापेक्षा जास्त ग्रुप असतात. पण यादी बघून थेट निघू नका, आधी फोन करा. या मीटिंगा भरतात महापालिकेच्या शाळेत, समाजमंदिरात, चर्चच्या हॉलमध्ये, कुठं एखाद्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. शाळेला परीक्षा लागतात, ट्रस्टी बदलतात, भाडं वाढतं आणि ग्रुप गुपचूप दुसरीकडे हलतो. यादीत मात्र जुनाच पत्ता राहतो. मोठ्या मुश्किलीने तयार झालेला माणूस कुलूप लावलेल्या फाटकासमोर उभा राहिला, तर तो तिथून सरळ घरी येईलच असं नाही.

फोनवर नेमकं काय विचारायचं ते सांगतो. मीटिंग कुठल्या भाषेत चालते? मराठी, हिंदी आणि इंग्रजी ग्रुप वेगवेगळे असतात, आणि माणूस आपलं दुखणं आपल्याच भाषेत मोकळेपणानं बोलतो. ओपन आहे की क्लोज्ड? ओपन मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, कुणीही बसू शकतो. क्लोज्ड मीटिंग फक्त पिणं थांबवू इच्छिणाऱ्यांची. कोणत्या फाटकातून यायचं, कितव्या मजल्यावर? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, दहा मिनिटं आधी बाहेर कुणी भेटेल का? हे शेवटचं मागायला लाजू नका. नवीन माणसाला घ्यायला कुणीतरी चौकात येऊन थांबतो, बहुतेक ठिकाणी अगदी आनंदानं.

हा फोन उचलणारा पगारी कर्मचारी नसतो. तोही कधीकाळी असाच कुणाचा तरी हात धरून आत आलेला असतो. मुळात ही चळवळच अशा फोनातून सुरू झाली. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्याच अॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. व्यवहार फिसकटला आणि तो हॉटेलच्या लॉबीत एकटाच उभा. एका बाजूला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याच्या लक्षात आलं, की आत्ता आपल्याला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायला मिळालं तरच आपण वाचू. गावातल्या चर्चच्या लोकांना फोन करत करत तो शेवटी डॉ. बॉब या सर्जनपर्यंत पोचला. डॉक्टर "फक्त पंधरा मिनिटं" म्हणून भेटायला आले आणि दोघं काही तास बोलत बसले. १० जून १९३५ हा एएचा स्थापना दिवस मानतात, कारण त्या दिवशी डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला. दोघांनी एकमेकांना उपदेश केला नाही, स्वतःचं सांगितलं. मीटिंगमध्ये आजही तेच चालतं.

फोनवर एक अडचण येईल, त्याची तयारी ठेवा. तुम्ही बोललात तर समोरचा थोड्या वेळानं म्हणेल, "ताई, त्यांनाच बोलायला सांगता का?" राग मानू नका. सदस्य व्हायला एएची अट एकच असते, ती म्हणजे दारू थांबवायची इच्छा. ती इच्छा बायकोच्या तोंडून कळवता येत नाही. माहिती तुम्ही काढून ठेवा, कागदावर लिहा, आणि तो कागद त्यांच्या हाती द्या. पाकिटात कोंबला तरी चालेल.

एएशिवायही दारं आहेत. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस आहे, तिचा नंबर १४४१६. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा, तिथल्या सोशल वर्करला शहरातले चालू ग्रुप कळतात. पुण्याच्या मुक्तांगणनं १९८६ पासून आणि मुंबईच्या कृपा फाउंडेशननं १९८१ पासून या कामात पाय रोवलेत. अशा संस्था आपल्या जुन्या रुग्णांसाठी पाठपुराव्याच्या बैठका घेतात. मिस्टर ज्या केंद्रात राहिले त्यांनाही विचारा, "तुमच्याकडून बाहेर पडलेले आमच्या भागात कोण आहेत?" एकाच वेळी दाखल असलेल्या दोघांनी मिळून मीटिंगला जाणं, यापेक्षा सोपी सुरुवात नाही.

एक सावधगिरी. एए फी घेत नाही, केंद्र चालवत नाही, हॉस्पिटल चालवत नाही आणि कुणाला गाडीत घालून उचलून नेत नाही. "आम्ही एएवालेच आहोत, पेशंटला घरून घेऊन जाऊ, सहा महिने ठेवू, इतके हजार भरा," असं कुणी म्हणालं, तर ते एक खाजगी केंद्र आहे एवढंच समजा. ते चांगलं की वाईट हा वेगळा तपास, पण एएच्या नावावर विश्वास ठेवून पैसे मोजू नका.

आता पहिल्या संध्याकाळबद्दल. मराठी ग्रुपची मीटिंग बहुधा सात-साडेसातला सुरू होते आणि तास-दीड तास चालते. ही वेळ सोयीची आहेच, पण त्यात मेखही आहे. कामावरून सुटल्यापासून जेवणापर्यंतचा तोच काळ वर्षानुवर्षं बारमध्ये गेलेला असतो. शाळेतली मीटिंग असेल तर डोळ्यांसमोर आणा. चौथीच्या वर्गातले बुटके बाक, त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पन्नाशीतली माणसं, फळ्यावर सकाळचा भागाकार तसाच. दोन खिळ्यांना सुतळीने बांधलेला कापडी फलक, त्यावर "फक्त आजचा दिवस". टेबलावर थोडी पुस्तकं. हजेरीची वही नसते. पूर्ण नाव, पत्ता, नोकरी कुणी विचारत नाही.

सुरुवातीला क्षणभर शांत बसतात आणि प्रार्थना म्हणतात. मग एएची ओळख वाचली जाते, बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठीचे एएचे बारा टप्पे, वाचल्या जातात. त्यानंतर शेअरिंग. एकेक जण म्हणतो, "मी अमुक, अल्कोहोलिक," सगळे नमस्कार करतात, आणि तो पाच-दहा मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कुणी अडवत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. कुणी बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याचं सांगतो, कुणी मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये पिऊन गेल्याचं. त्यात मोठ्यानं हशाही पिकतो, आणि नवीन माणूस त्यानं चक्रावतो. नवख्याला बोलायची सक्ती नाही. "आज फक्त ऐकतो," एवढं पुरतं. अधेमध्ये एक पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल त्यानं दहा-वीस रुपये टाकायचे. खोलीचं भाडं आणि चहा त्यातूनच निघतो. नवीन माणसानं नाही टाकले तरी चालतं. बाहेरून कुणी मोठी देणगी देऊ केली तरी एए ती घेत नाही. ज्यांची मीटिंग, त्यांचाच खर्च, हा नियम.

हे सगळं झाल्यावर बरेच जण चप्पल घालून निघतात, आणि माझ्या मते इथंच चुकतं. खरी मीटिंग नंतरची. फाटकाबाहेर टपरीवर चहा घेताना जे बोलणं होतं, जे दोन-तीन फोन नंबर मिळतात, त्यांच्यावर पुढचं सगळं उभं राहतं. वर्गात ऐकलेली कहाणी महिन्याभरात विसरेल. पण पगाराच्या दिवशी संध्याकाळी पावलं जुन्या रस्त्याला वळू लागली की फोन कुणाला करायचा, हे मात्र माहीत असायला हवं. म्हणून मिस्टरांना एकच गोष्ट सांगा: बोलू नका, पटवून घेऊ नका, फक्त चहाला थांबा आणि दोन नंबर घेऊन या. आणि पुढच्या दोन दिवसांत त्यातल्या एकाला काहीही काम नसताना फोन करा. तल्लफ नसताना फोन करायची सवय नसेल, तर तल्लफ आल्यावर तो होत नाही.

"बेवड्यांत कशाला बसू" याचं उत्तर तुम्ही देऊ नका, तुमच्याकडून ते टोमण्यासारखंच ऐकू जाईल. हे वाक्य जवळपास प्रत्येक जण म्हणतो. त्यामागे अहंकारापेक्षा भीती जास्त असते. आत गेल्यावर त्यांना बँकेतला अधिकारी दिसेल, रिक्षावाला दिसेल, निवृत्त मास्तर दिसतील, नुकतंच कॉलेज सोडलेला पोरगाही दिसेल. आपल्यापेक्षा जास्त बिघडलेला कोण, हे शोधण्यात पहिली मीटिंग जाते. जाऊ द्या. कुणाची तरी गोष्ट आपल्यासारखी निघाली की हे शोधणं आपोआप थांबतं. तसं एका फटक्यात होईलच असं नाही, म्हणून एका मीटिंगवरून निकाल लावू नये. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. एखादा ग्रुप दोन जुन्या माणसांच्या लांबलचक भाषणांनी कंटाळवाणा झालेला असतो, हेही खरं. तीन-चार वेगवेगळे ग्रुप बघावेत आणि ज्याच्यात जीव रमतो तो धरावा. त्याला होम ग्रुप म्हणतात.

माळेबद्दल बोलतो, कारण हा विषय आपल्याकडे टाळता येत नाही. माळ घालून, वारी करून आयुष्यभरासाठी दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं कौतुकच आहे. नीट पाहिलंत तर त्या माणसांना माळेबरोबर दिंडीही मिळालेली असते: रोजची माणसं, संध्याकाळचं भजन, पिणाऱ्यांपासून आपसूक झालेली फारकत. नुसती माळ घातली आणि संध्याकाळ पूर्वीसारखीच रिकामी राहिली, तर ती माळ एक दिवस खुंटीला जाते. सासऱ्यांना नाही म्हणू नका. माळ घाला आणि मीटिंगलाही जा. दोन्हींत भांडण नाही.

श्रावणाचंही तेच. "मी श्रावणात महिनाभर शिवत नाही, म्हणजे मी काही व्यसनी नाही," असं मिस्टर म्हणत असतील. गटारीला उपसून प्यायची, श्रावण कडक पाळायचा आणि पुढं कसर भरून काढायची, हे चक्र वर्षानुवर्षं चालू असलेल्याला थांबणं जमतं; थांबलेलं टिकवणं जमत नाही. मीटिंग आहे ती टिकवण्यासाठी.

देवाचा मुद्दा आज ना उद्या निघेलच. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वर येतो, पण "आपापल्या समजुतीप्रमाणे" हे शब्दही तिथंच आहेत. एए कुठल्या धर्माशी बांधलेलं नाही. चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग असली म्हणजे धर्मांतर नव्हे. हॉल स्वस्तात मिळाला एवढाच त्याचा अर्थ. मराठी ग्रुपमध्ये कुणी विठ्ठलाचं नाव घेतो, कुणी स्वामींचं. काही पक्के नास्तिक तर "माझी शक्ती म्हणजे हा ग्रुप" म्हणून वर्षानुवर्षं येतात. तरीही एखाद्याला हे पचतच नाही. अशा माणसाला ओढून नेण्यात अर्थ नाही. त्यानं समुपदेशकाकडे नियमित जावं, केंद्राच्या पाठपुराव्याच्या गटात बसावं. ए.ए. हा एक रस्ता आहे, एकमेव नव्हे.

पण रस्ता चांगला आहे, हे भावनेच्या भरात म्हणत नाही. कोक्रेन ही वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिचा या विषयावरचा आढावा २०२० मध्ये आला. त्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त लोक होते. ठरावीक पद्धतीने एएशी जोडून देणारे उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. यातला "जोडून देणारे" हा शब्द महत्त्वाचा. नुसतं "मीटिंगला जा" म्हणून चिठ्ठी देण्यानं ते होत नाही. केंद्रानं तुमच्या मिस्टरांना नेमकं तेवढंच सांगून घरी पाठवलंय, आणि ही तक्रार मी आमच्याच क्षेत्राविरुद्ध करतोय. दाखल असतानाच बाहेरच्या ग्रुपचा माणूस भेटवून द्यायला हवा.

ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटू शकतं. पण तो तिथं ज्या कारणासाठी आलाय त्याच कारणासाठी हे आलेत. त्याला यांची जेवढी भीती, तेवढीच यांना त्याची. "इथं पाहिलेलं, इथं ऐकलेलं इथंच राहू द्या," हे मीटिंगमध्ये आवर्जून सांगतात आणि बहुतेक लोक ते पाळतात. शंभर टक्के हमी कुणीच देणार नाही, म्हणून सुरुवातीला दोन पथ्यं पाळावीत. क्लोज्ड मीटिंग निवडायची, आणि कारखान्याच्या भागातली सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाची धरायची. नोकरी जाईल असे तपशील पहिल्याच दिवशी खोलीभर माणसांसमोर बोलू नयेत. ते पुढं स्पॉन्सरजवळ बोलावेत. आणि खरं सांगू का? मिस्टर पितात हे शिफ्टमध्ये सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. नवीन बातमी काय ती त्यांनी सोडल्याची.

स्पॉन्सर म्हणजे थोडा आधी आलेला, काही वर्षं सोबर असलेला सदस्य, जो नवीन माणसाला पायऱ्या समजावतो आणि अडीनडीला फोन उचलतो. पुरुषानं पुरुष आणि बाईनं बाईच निवडावी, हा संकेत आहे आणि तो मोडू नये. तो डॉक्टर नसतो आणि सावकारही नसतो. ग्रुपमध्ये उसने पैसे घेणं-देणं सुरू झालं की चांगली माणसं मीटिंग सोडतात, एवढं ध्यानात ठेवा.

औषधांबाबत स्पष्ट बोलतो. कुठल्याशा ग्रुपमध्ये एखादा जुना सदस्य म्हणेल, "गोळ्यासुद्धा नशाच आहे, फेकून दे." हे एएचं धोरण नाही, औषध हा डॉक्टरांचा विषय आहे, अशीच त्यांची भूमिका आहे. डिप्रेशनची, झोपेची, फिटची कुठलीही गोळी मीटिंगमध्ये ऐकून बंद करायची नाही. आणि तुमच्यासाठी: "न सांगता दारू सोडवा" अशी जी पावडर जाहिरातीत दिसते, ती भाजीत मिसळू नका. दारूबरोबर त्रास व्हावा म्हणून देतात ती डायसल्फिराम ही गोळीसुद्धा रुग्णाच्या संमतीशिवाय, चोरून देणं जिवावर बेतू शकतं.

किती मीटिंगा? नव्वद दिवसांत नव्वद, असा अमेरिकेत रूढ झालेला सल्ला तुमच्या कानावर येईल. मुंबई-पुण्यात रोज कुठं ना कुठं मीटिंग असते, तिथं ते शक्य आहे. मिस्टरांच्या शिफ्ट फिरत्या आहेत, म्हणून वेगवेगळ्या वेळांचे दोन ग्रुप धरून ठेवा, त्यातला एखादा रविवार सकाळचा मिळाला तर उत्तम. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळची मीटिंग होणारच नाही, तेव्हा ऑनलाइन मीटिंग आहेत. कोविडपासून त्या रुळल्यात. गावी गेलात तरी त्या कामाला येतात. फक्त सगळंच ऑनलाइनवर ढकलू नका. व्हिडिओ बंद करून, दुसरीकडे क्रिकेट बघत मीटिंगला "बसलेले" लोक मला माहीत आहेत. आणि स्क्रीनवर चहाची टपरी नसते.

आता तुमचा प्रश्न, सोबत जाऊ का? ओपन मीटिंगला एकदा जरूर जा, तिथं काय चालतं ते तुम्हालाही कळेल. पण नेहमी सोबत जाऊ नका. तुम्ही शेजारी बसलेल्या असताना ते अर्धंच बोलतील. फाटकापर्यंत सोडणं, सुटताना उभं राहणं, परत आल्यावर तोंडाचा वास घेणं, "काय बोलले आज?" विचारणं, हे सगळं काळजीपोटीच होतं, पण त्यानं मीटिंग ही तुम्ही लावलेली शिकवणी होऊन बसते. शिकवणी चुकवायची असते, हे आपण सगळे शाळेत शिकलोय.

त्याऐवजी तुमची स्वतःची मीटिंग शोधा. दारूग्रस्तांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन ही वेगळी संघटना आहे. बिलची पत्नी लोइस हिनंच ती १९५१ मध्ये सुरू केली. मोठ्या मुलांसाठी अलाटीन आहे. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी नावाचा गट चालतो. अल-अॅनॉनमध्ये तीन वाक्यं कायम ऐकू येतात: हे मी घडवलं नाही, मी ते आवरू शकत नाही, मी ते बरं करू शकत नाही. पहिल्यांदा ऐकलं की हात झटकल्यासारखं वाटतं. पण बाटल्या लपवण्यात, साहेबांना "ताप आलाय" असे फोन करण्यात आणि रात्री रिक्षाचा आवाज ऐकत जागण्यात ज्या बाईची वर्षं गेली, तिच्या खांद्यावरून काय उतरतं ते त्या खोलीत बसल्यावरच कळतं. मिस्टर मीटिंगला जात नसले तरी तुम्ही जाऊ शकता. किंबहुना तुम्हीच आधी जा. घरातलं एक माणूस बदललं की घरातली भांडणं जुन्या वळणानं जात नाहीत, आणि पुष्कळदा नवऱ्याची पहिली मीटिंग त्यानंतर होते.

ज्या बायका स्वतः पितात, त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमच्यासाठीही जागा आहे. फोनवर "एखाद्या महिला सदस्याशी बोलायचंय" असं स्पष्ट सांगा आणि पहिल्यांदा तिच्यासोबतच जा. सुरुवातीला फक्त महिलांच्या ऑनलाइन मीटिंग जास्त सोयीच्या वाटतात. ग्रुपमधला कुणी पुरुष मदतीच्या नावाखाली जास्त जवळीक करू लागला, तर ग्रुप बदला. यात तुमचा काही दोष नाही.

मीटिंगला जात असतानाही मिस्टर पुन्हा प्यायले तर? होतं. ग्रुपमध्ये त्याला "स्लिप" म्हणतात, आणि त्यामुळे कुणाला बाहेर काढत नाहीत. दुसऱ्या दिवशी, तोंड दाखवायची लाज वाटत असतानाच, जाणं सर्वांत गरजेचं. त्या आधी घेतलेल्या दोन नंबरांपैकी एकाला त्यांनीच फोन करायचा. प्यायलेल्या अवस्थेत त्यांच्याशी बोलू नका, सकाळी बोला, तेही थोडक्यात.

मात्र एक परिस्थिती अशी आहे, की तिथं मीटिंग नाही, दवाखानाच हवा. पुन्हा रोजचं पिणं सुरू झालं आणि मग त्यांनी एकदम बंद केलं, तर पहिल्या तीन-चार दिवसांवर लक्ष ठेवा. हात थरथरणं, दरदरून घाम, उलट्या, अजिबात झोप नसणं ही सुरुवात. फिट येणं, नसलेली माणसं किंवा किडे दिसणं, वेळ-जागेचं भान सुटणं म्हणजे जिवाला धोका. उतरेल आपोआप, म्हणून वाट बघू नका आणि उतारा म्हणून घरी दारूही देऊ नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, आणि रोज किती पीत होते, शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना न लपवता सांगा.